ॲब्सॉर्बरमध्ये पुन्हा पुन्हा फेस येतोय? अँटीफोम मारण्याआधी सॅम्पल घ्या

अमोनिया प्लांटच्या सीओटू रिमूव्हल सेक्शनवर, म्हणजे गॅसमधला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या सोल्यूशनने धुऊन काढतात त्या विभागात, ज्याने शिफ्ट केली आहे, त्याला हा प्रसंग सांगायची गरज नाही. प्लांट पूर्ण लोडवर सुरळीत चाललेला असतो. एकाएकी ॲब्सॉर्बरचा, म्हणजे गॅस धुणाऱ्या कॉलमचा, डीपी (वर-खालच्या दाबातला फरक) नाचायला लागतो, तळाची लेव्हल खाली जाते आणि मग उसळून वर येते, आउटलेटच्या ॲनालायझरवर सीओटू चढू लागतो. पॅनलवरून निरोप जातो, फील्डवरचा माणूस अँटीफोमचा (फेस मारणाऱ्या रसायनाचा) डोस देतो, थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. लॉगबुकात ओळ पडते: 'फोमिंग झाले, अँटीफोम दिले, नॉर्मल.' दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तीच ओळ.

कधीतरी एकदा फेस आला आणि डोस देऊन भागलं, तर त्यात काही वावगं नाही. पण तोच त्रास ठरावीक काळाने परत येत असेल, तर सोल्यूशनमध्ये बाहेरून काहीतरी येतंय आणि ती वाट अजून उघडी आहे, एवढं नक्की समजा. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारला की दूध खाली बसतं, पण शेगडी चालूच असते. अँटीफोमचं काम तेवढंच आहे.

हे दुखणं महाग का पडतं, तेही एकदा आकड्यांत पाहू. ॲब्सॉर्बरमधून सुटलेला सीओटू पुढे मिथेनेटरवर, म्हणजे उरलेल्या सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि सीओटूचं मिथेन करणाऱ्या रिॲक्टरवर, जातो. तिथे गॅसमधल्या प्रत्येक एक टक्का सीओटूमागे बेडचं तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसने वाढतं, आणि एक टक्का सीओमागे ७४ अंशांनी. रोजच्या चालीत ०.३ टक्के सीओ आणि ०.०५ टक्के सीओटू असेल, तर एकूण वाढ होते २५ अंशांच्या आसपास. फेसामुळे सीओटू दोन टक्क्यांवर गेला, तर एकट्या त्याचेच १२० अंश होतात. इनलेट ३०० च्या जवळ धरला, तर हाय टेम्परेचर ट्रिप (तापमान चढल्याने आपोआप बंद पडणं) किती जवळ येते ते दिसतंच. शिवाय सीओटूचा प्रत्येक रेणू मिथेन होताना हायड्रोजनचे चार रेणू खातो, म्हणजे जे विकायचं तेच जळतं. ट्रिप टाळायला लोड कमी केला, तर शेजारच्या युरिया प्लांटला मिळणारा सीओटूही कमी होतो. एक टन युरियाला पाऊण टनाच्या जवळपास, नेमका ०.७३ टन, सीओटू लागतो. फेस आला की दोन्ही प्लांट लंगडतात.

आधी हा फेसच आहे ना?

डीपी वाढला की फोमिंग, असं धरून चालायची सवय लागलेली असते. पॅकिंग (कॉलममधला भराव) चोंदलं, लिक्विड डिस्ट्रिब्युटरमध्ये कचरा अडकला किंवा कॉलम क्षमतेच्या वर चालवला, तरी डीपी वाढतोच. फरक ट्रेंडमध्ये दिसतो. चोंदलेल्या पॅकिंगचा डीपी आठवड्यांमागून आठवडे हळूहळू चढतो, रेषा गुळगुळीत असते आणि अँटीफोम दिला तरी ढिम्म हलत नाही. फेसाचा डीपी काही मिनिटांत उसळतो, रेषा दातेरी असते आणि डोस पोचला की लगेच बसतो. लोडमुळे झालेलं फ्लडिंग (कॉलममध्ये द्रव तुंबणं) एका ठरावीक गॅस फ्लोच्या वरच येतं, फ्लो खाली घेतला की जातं, आणि तेही अँटीफोमला दाद देत नाही.

डीपीचे नुसते आकडे वाचू नका, फसाल. डीपी ढोबळमानाने फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ९० टक्के लोडवर तो पूर्ण लोडच्या डीपीच्या ८१ टक्के असायला हवा. ९० टक्क्यांवर तुम्हाला पूर्ण लोडचाच डीपी दिसत असेल, तर पॅनलवर आकडा 'नेहमीचा' असला तरी कॉलमची तब्येत नेहमीची नाही. रोजच्या डीपीला फ्लोच्या वर्गाने भागून येणारा आकडा वर्षभर आलेखावर मांडत राहा. फेसाचे दिवस त्यात वेगळे उठून दिसतात आणि चोंदणंही वेळेत कळतं.

लेव्हलबद्दल एक सावधगिरी. डीपी टाइप लेव्हल ट्रान्समीटर उंची मोजत नाही, द्रवाच्या स्तंभाचं वजन मोजतो. फेसाची घनता कमी असते, त्यामुळे तळात फेस वरपर्यंत भरलेला असतानाही पॅनलवर लेव्हल कमी दिसते. अशा वेळी कंट्रोलर तळाचा व्हॉल्व्ह बंद करत जातो आणि परिस्थिती आणखी चिघळते. फेसाची शंका आली की लेव्हल मॅन्युअलवर घेऊन गेज ग्लासवर माणूस उभा करावा, हे माझं ठाम मत आहे.

फेस स्ट्रिपरमध्येही (सोल्यूशन तापवून त्यातला सीओटू काढणाऱ्या कॉलममध्ये) येतो, आणि तिकडे कोणी बघत नाही. रिफ्लक्सच्या, म्हणजे स्ट्रिपरच्या माथ्यावरची वाफ थंड होऊन परतणाऱ्या, पाण्यात अमाइन किती आहे, हे लॅबकडून नियमित घ्या. ते एकाएकी वाढलं, तर सोल्यूशन स्ट्रिपरच्या डोक्यावरून जातंय.

पहिला अर्धा तास

सीओटू चढताना दिसला की हात आपोआप सर्क्युलेशन वाढवायला जातो. एरवी ते बरोबर असतं, फेसाच्या वेळी ते आगीत तेल ठरतं, कारण कॉलममध्ये द्रवाचा भार वाढतो आणि फेसाला आणखी माल मिळतो. त्याऐवजी गॅस लोड पाच-दहा टक्के सावकाश खाली घ्या, सर्क्युलेशन स्थिर ठेवा, ॲब्सॉर्बरनंतरच्या सेपरेटरची लेव्हल बघून त्याचा ड्रेन मोकळा आहे याची खात्री करा. उडालेलं सोल्यूशन तिथे अडलं नाही, तर थेट मिथेनेटरच्या कॅटॅलिस्टवर जातं.

आणि डोस देण्याआधी लीन (सीओटू काढून झालेल्या) सोल्यूशनचं सॅम्पल घ्या. सगळ्या लेखातून एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला. अँटीफोम एकदा सोल्यूशनमध्ये मिसळला की फेस कशामुळे आला याचा पुरावा पुसला जातो. नंतर लॅबला कितीही सॅम्पल पाठवा, उत्तर येतं, 'फोमिंग टेंडन्सी सामान्य.' अनेक प्लांटवर हा त्रास वर्षानुवर्षं सुटत नाही, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. प्रत्येक वेळी आधी डोस जातो आणि मग सॅम्पल. सॅम्पल पॉइंटजवळ दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या कायम ठेवा. त्या साबणाने धुतलेल्या नकोत, डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने खळबळलेल्या हव्यात. साबणाचा अंश राहिला तर बाटलीच फेस करेल.

बाटलीत काय दिसतं

पद्धत साधी आहे. एक लिटरच्या मोजपात्रात २०० मिलिलिटर सोल्यूशन घ्यायचं, तळाशी सच्छिद्र काचेचा डिफ्यूझर सोडायचा आणि त्यातून ठरावीक दराने पाच मिनिटं नायट्रोजन सोडायचा. फेसाची उंची मोजायची, मग नायट्रोजन बंद करून फेस पूर्ण बसायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचं. नायट्रोजनचा दर, तापमान आणि डिफ्यूझर दर वेळी तेच हवेत, नाहीतर आजच्या आणि मागच्या महिन्याच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

निरोगी सोल्यूशनचे बुडबुडे मोठे, पातळ भिंतींचे असतात. वर येतात आणि काही सेकंदांत फुटतात, काचेवर काही उरत नाही. बिघडलेल्या सोल्यूशनचा फेस बारीक, दाट आणि मलईसारखा असतो. गॅस बंद केल्यावरही तो हलत नाही, काचेला चिकटून हळूहळू खाली उतरतो, आणि सोल्यूशन काळपट असेल तर फेसाच्या कडेला बारीक काळी रेघ राहते. ती रेघ म्हणजे घन कण. कण स्वतः फेस करतात असं नाही, पण बुडबुड्याच्या पातळ पडद्यात बसून त्याला फुटू देत नाहीत.

आता याच सॅम्पलचे तीन भाग करा. पहिला तसाच तपासा. दुसरा बारीक फिल्टर पेपरमधून गाळून तपासा. तिसरा ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या भुकटीसोबत चांगला हलवून, मग गाळून तपासा.

गाळल्यावर फेस गेला, तर दोषी घन कण आहेत: गंजाचं लोखंड, कॅटॅलिस्टची धूळ, कार्बन बेडमधून (सोल्यूशन शुद्ध करणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या थरातून) सुटलेली पूड. नुसत्या गाळण्याने गेला नाही पण कार्बनने गेला, तर विरघळलेला तेलकट किंवा साबणासारखा पदार्थ आहे: ल्युब ऑइल, सील ऑइल, पाण्यातलं एखादं ट्रीटमेंट केमिकल. दोन्हींनी गेला नाही, तर सोल्यूशनची स्वतःची रचना बिघडली आहे. तेव्हा क्षार आणि अमाइनच्या विघटनाचे पदार्थ तपासायला द्या. तासाभराच्या या कामातून पुढची दिशा ठरते, आणि त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही.

सोबत आणखी दोन बाटल्या करा. एकीत नवं अमाइन आणि डीएम पाणी, प्लांटमध्ये आहे त्याच प्रमाणात. दुसरीत नवं अमाइन आणि तुमच्या मेकअप लाइनचं (सोल्यूशनमधली तूट भरून काढणाऱ्या लाइनचं) पाणी, प्रमाण तेच. पहिली शांत आणि दुसरी फेसाळली, तर शोध तिथेच संपतो.

एका प्लांटवर मी हे असंच उलगडताना पाहिलं. तिथे फेस यायचा, डोस जायचा, काही दिवस बरे जायचे. ॲब्सॉर्बर, फिल्टर, आत येणारा गॅस, सगळं पाहून झालं होतं. मग फेसाच्या तारखा मेकअपच्या नोंदींशेजारी मांडल्या. सोल्यूशनमध्ये पाणी घेतलं की एक-दोन दिवसांत फेस, हे कागदावर स्वच्छ दिसत होतं. मेकअपची लाइन नावाला डीएमची होती, पण तिला स्टीम कंडेन्सेट हेडरचं कनेक्शन होतं, आणि प्रत्यक्षात पाणी तिथूनच येत होतं. कंडेन्सेट तसं स्वच्छच, पण लाइन गंजू नयेत म्हणून त्यात फिल्मिंग अमाइन डोस केलं जात होतं. धातूच्या पृष्ठभागावर थर धरणं हेच त्या रसायनाचं काम. बुडबुड्याच्या पृष्ठभागावरही ते तितक्याच इमानाने बसतं. मेकअपच्या पाण्याची बाटली फेसाळली तेव्हा कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कनेक्शनला ब्लाइंड (लाइन बंद करणारी चकती) टाकला, कार्बन बदलला, आणि लॉगबुकातली ती ओळ थांबली.

म्हणून मेकअपच्या पाण्याचा उगम लाइन चालत जाऊन, डोळ्यांनी पाहून ठरवा. पी अँड आयडीवर (पाइपिंगच्या आराखड्यावर) विसंबू नका. बॉयलर फीड वॉटर सोयीचं वाटलं तरी घेऊ नका, त्यातही केमिकल असतात. लीन कूलरची ट्यूब फुटली असेल तर पाणी अशा मार्गानेही येतं. कूलिंग वॉटरमध्ये डिस्पर्संट आणि बायोसाइड असतात, आणि सोबत क्लोराइडही. अमाइनची तीव्रता मेकअप न घेता उतरत असेल आणि सोल्यूशनमध्ये क्लोराइड चढत असेल, तर कूलर उघडा.

कार्बन आणि फिल्टर

कार्बन बेडमधून एकूण सर्क्युलेशनच्या निदान १० ते २० टक्के प्रवाह जायला हवा. प्रत्यक्षात डीपी वाढला म्हणून कुणीतरी बायपास थोडा उघडतो आणि तो तसाच राहतो. कार्बन संपला की नाही हे डीपीवरून कळत नाही. डीपी घाण सांगतो, शोषणक्षमता सांगत नाही. बेडच्या आधीच्या आणि नंतरच्या सोल्यूशनची फोम टेस्ट करा. दोन्ही सारख्याच आल्या, तर बेड नुसती जागा अडवून बसला आहे. काही महिन्यांनी नाही तर वर्षातून एकदा तरी तो बदलावाच लागतो.

कार्बनच्या आधी फिल्टर हवा आणि नंतरही हवा. आधीचा नसेल तर बेड लोखंडाने चोंदतो, नंतरचा नसेल तर कार्बनची पूड ॲब्सॉर्बरमध्ये जाते. नवा कार्बन भरल्यावर डीएम पाण्यात नीट भिजवून, पूड थांबेपर्यंत बॅकवॉश करा. कार्ट्रिज बदलल्यानंतर लगेच फेस येतो अशी तक्रार असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. काही सुती कार्ट्रिजच्या धाग्यांवर कारखान्यातलं साबणासारखं द्रव्य राहिलेलं असतं. नवी कार्ट्रिज गरम डीएम पाण्यात बुडवून, ते पाणी बाटलीत हलवून पाहिलं की लगेच समजतं.

अँटीफोम स्वतःच

डोस काही पीपीएमचा असतो. त्याहून जास्त गेला तर अँटीफोम सोल्यूशनमध्ये साठत जातो आणि उलट फेसाला धरून ठेवू लागतो. महिन्याला किती लिटर संपलं याचा आलेख काढा. तो चढता असेल, तर औषधच आजार वाढवतंय. सिलिकॉनचा अँटीफोम कार्बनवर बसून तो लवकर निकामी करतो, म्हणून डोस देताना कार्बन बेड थोडा वेळ बायपास करा, आणि बायपास बंद केल्याची वेळ लॉगबुकात लिहा. ती वेळ लिहिली नाही, तर बायपास उघडाच राहिला असं धरून चाला. डोस लीन पंपाच्या सक्शनला द्यावा, म्हणजे तो चांगला मिसळतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे अँटीफोम एकमेकांवर मारू नका.

गॅसच्या बाजूने

अमोनिया प्लांटमध्ये ॲब्सॉर्बरला येणाऱ्या गॅसमध्ये जड हायड्रोकार्बन नसतात, ही जमेची बाजू. पण लो टेम्परेचर शिफ्टनंतरच्या (सीओचं सीओटू करणाऱ्या आधीच्या पायरीनंतरच्या) कंडेन्सेटमध्ये मिथेनॉल, अमोनिया आणि थोडी इतर अमाइन असतात. कॅटॅलिस्ट नवा असताना मिथेनॉल जास्त बनतं, आणि चार्ज बदलल्यावर सुरुवातीला तांब्याची धूळही येते. रॉ गॅस सेपरेटरची लेव्हल चढी राहिली किंवा डेमिस्टर (थेंब अडवणारी जाळी) फाटला, तर हे सगळं सोल्यूशनमध्ये जातं. सेपरेटरचा ड्रेन व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा कमी उघडतोय का, हे ट्रेंडवर पाहा. कंडेन्सेट बनणं कमी झालं नसेल, तर ते कुठेतरी पुढे जातंय.

गॅसमधल्या सीओपासून फॉर्मेट बनतं. हा क्षार स्ट्रिपरच्या उष्णतेनेही सुटत नाही. तो थेट फेस करत नसला तरी गंज वाढवतो, गंजाचे कण सोल्यूशनमध्ये येतात आणि फेसाला टेकू देतात. म्हणून सोल्यूशनमधलं लोखंड आणि हे क्षार महिन्यातून एकदा तरी मोजा. दोन्ही एकदम चढत असतील, तर फक्त फिल्टर बदलून काही साधणार नाही, सोल्यूशन शुद्ध करावं लागेल. रिबॉयलरमध्ये (स्ट्रिपरच्या तळाच्या हीटरमध्ये) तापमान उगाच चढवून अमाइन कुजवू नका. १२० ते १२५ अंशांच्या वर गेलं की विघटन वेगाने वाढतं.

नैसर्गिक वायू धुणाऱ्या युनिटवर असाल, तर सुरुवात दुसरीकडून करा. तिथे लीन अमाइनचं तापमान येणाऱ्या गॅसपेक्षा किमान ५ ते ६ अंशांनी जास्त हवं. थंड अमाइन गॅसला गार करतं, त्यातलं हायड्रोकार्बनचं कंडेन्सेट कॉलममध्येच सुटतं आणि फेस धरतं. पावसाळ्यात आणि थंडीत कूलर जास्त गारवा देतो, तेव्हा हे अंतर न कळत मिटतं. गॅसचं आणि अमाइनचं तापमान एकाच ट्रेंडवर लावा, फरकावर अलार्म द्या.

अमाइनने आम्लवायू धुण्याचं पेटंट अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांना १९३० साली मिळालं. तेव्हा ट्रायइथेनॉलअमाइन होतं, पुढे एमईए, डीईए आणि आता पिपरेझिन घातलेलं एमडीईए आलं. रसायन बदललं, ऊर्जा वाचली, फेसाची कारणं मात्र जवळपास तीच राहिली. त्यामुळे तुमच्या युनिटचं अमाइन कुठलंही असो, वरच्या बाटल्यांचा उपयोग होईल.

शटडाऊननंतरचा फेस

टर्नअराउंडनंतर पहिल्याच आठवड्यात फेस आला, तर बहुतेक वेळा कॉलममध्ये काहीतरी राहिलेलं असतं: नव्या पॅकिंगवरचं रोलिंग ऑइल, वेल्डिंगचा कचरा, पंपाच्या कामात सांडलेलं ग्रीस, डीग्रीझिंगचं केमिकल. सोल्यूशन भरण्याआधी गरम सौम्य अल्कली फिरवा, सोडा ॲश किंवा दोन-तीन टक्क्यांचा कॉस्टिक, आणि मग डीएमने धुवा. धुणं 'पाणी स्वच्छ दिसतंय' म्हणून थांबवू नका. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात थोडं नवं अमाइन घालून तीच नायट्रोजनची फोम टेस्ट करा. डीएम पाण्याच्या बाटलीइतकीच ही बाटली शांत झाली, तरच भरण्याची परवानगी द्या. ही टेस्ट शटडाऊनच्या स्टार्टअप चेकलिस्टमध्ये सहीच्या रकान्यासह टाकून घ्या. शेवटच्या दिवशी सगळे घाईत असतात, आणि कागदावर नसलेली गोष्ट तेव्हा कोणी करत नाही.